बाहेर ऐकू जाईल असं वाच

आमच्या लहानपणी काळेवाडीत पुस्तक कुणी एकट्यानं वाचत नसे. अख्ख्या चाळीत पुस्तक एखादं, आणि ते वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मी सातवीत होते, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. वडील पहिल्या पाळीला असले की चारपर्यंत घरी यायचे, हातपाय धुऊन चहा घ्यायचे आणि दिवेलागणीला म्हणायचे, "काढ गं फकिरा." दुसऱ्या पाळीला ते रात्री बारापर्यंत कंपनीत. तिसऱ्या पाळीत दिवसा झोपलेले, आणि संध्याकाळी डबा भरायची घाई. त्यामुळे तीन आठवड्यांतला एकच आठवडा गोष्टीचा. अण्णाभाऊ साठ्यांच्या त्या कादंबरीतला राणोजी जोगणी घेऊन निघाला आणि नेमकी पाळी बदलली, तर तो पंधरा दिवस वाटेतच उभा. नळावर बायका विचारायच्या, "पुढं काय झालं असंल गं?" पुस्तक आमच्याच फळीवर होतं आणि मला वाचताही येत होतं. पण चाळीनं ऐकल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही, असं कुणी न सांगताच ठरलेलं होतं. मी ते एकदाही मोडलं नाही.

आता माझ्या नातीच्या फोनवर एक भाग संपला की पाच सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. तेव्हा आम्हाला गोष्टीसाठी थांबावं लागायचं, आता गोष्ट आमच्यासाठी थांबत नाही. घरात पाच माणसं, पाचांच्या कानात पाच वेगळे आवाज. कुणाचं काय चाललंय ते दुसऱ्याला कळत नाही. तिला हवं ते, हवं तेव्हा, कुणालाही न विचारता मिळतं, आणि तिच्या वयात मला हे मिळालं असतं तर मीही सोडलं नसतं. हे मला पटतं. तरी रात्री घर शांत झालं की त्या पंधरा दिवसांच्या वाट बघण्याची आठवण येते, आणि ती वाट मी एकटी बघत नव्हते, याची जास्त येते.

काळेवाडी तेव्हा पवनेच्या अलीकडचं एक गावच होतं. नदीपलीकडे पिंपरी, तिथला कॅम्प, स्टेशन आणि कारखाने. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, आणि वाळवा-शिराळ्यापासून लातूर-बीडपर्यंतची माणसं वळकटी घेऊन उतरायला लागली. कायम झालेल्यांनी हळूहळू अर्धा-एक गुंठा घेतला. बाकीचे मालकाच्या शेतात उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोल्यांतून भाड्यानं राहिले. आमची चाळ तशीच. दहा बाय दहाची खोली, पुढं एक पायरी, सामाईक नळ, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात तापलेला पत्रा. पवनेला पाणी चढलं की रात्रभर मोठी माणसं जागी.

आज त्याच जागेवर आमचंच तीन मजली घर आहे. नळाला पाणी आहे, छत तापत नाही. काळेवाडी फाट्यावर वर उड्डाणपूल आणि खाली बीआरटीची बस. खालचा मजला आमचा, वरच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या. पावसाळ्यात छप्पर गळत नसलेल्या घरात बसून गळणाऱ्या खोलीची आठवण काढणं सोपं असतं, हे मी विसरत नाही. त्या खोलीत ज्यांनी आजारपणं काढली, त्यांना कुणी विचारलं तर ते परत जाणार नाहीत. माझी आई तर मुळीच नाही.

आमच्याकडे अण्णाभाऊ साठेच का वाचले जात, याचं कारण अगदी घरगुती होतं. वडील वाळवा तालुक्यातले, आणि अण्णाभाऊंचं वाटेगावही तिथलंच. वारणेचं खोरं, त्यातली माळरानं, जत्रा, वाड्यातली माणसं हे सगळं वडिलांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मी वाचता वाचता एखाद्या वळणावर अडखळले की ते मध्येच बोलायचे, "आगं, तो डोंगूर त्या अंगाला न्हाई, ह्या अंगाला." जणू पुस्तकात चूक झालीय आणि ती दुरुस्त करायची जबाबदारी त्यांचीच. पुस्तक कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयातलं. वडिलांच्या खात्यातले एक काका सभासद होते. पुस्तकाला खाकी पुठ्ठा, आत तारखांचे शिक्के, आणि कडेला शेकडो अंगठ्यांचे काळपट ठसे. ते ठसे ऑइलचे होते. मशीनवरचा माणूस साबणानं कितीही हात घासू दे, नखाच्या कडेला राहतंच. मी पुढं पंचवीस वर्षं एका वाचनालयात काम केलं, हजारो पुस्तकं हाताळली. पण ज्या पानांवर ऑइलचे ठसे आहेत, अशी पुस्तकं गेल्या कित्येक वर्षांत माझ्या टेबलावर आली नाहीत.

त्या वेळी आम्हाला अण्णाभाऊंबद्दल जे माहीत होतं, ते तोंडोतोंडी आलेलं होतं. ते दीड दिवस शाळेत गेले. वडिलांबरोबर वाटेगावहून पायी मुंबईला आले. हमाली केली, गिरणीत काम केलं, आणि अक्षरं शिकले ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत. पुढं वाचनालयात बसून मी त्यांचं आयुष्य नीट वाचलं, तेव्हा कळलं की चाळीतल्या त्या गोष्टी बहुतेक खऱ्याच होत्या. १ ऑगस्ट १९२० ला जन्म, नाव तुकाराम भाऊराव साठे. १९४३ साली स्टालिनग्राडचा पोवाडा. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. तमाशाचा साचा घेतला, पण गणातलं गणपतीचं वंदन काढून तिथं मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन घातलं. सरकारनं तमाशावर बंदी आणली, तेव्हा त्यांनी त्याचंच लोकनाट्य केलं आणि लोकांसमोर उभं केलं. 'फकिरा' १९५९ ची. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. एवढं सगळं करणारा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहत होता. १८ जुलै १९६९ ला गोरेगावात ते गेले, तेव्हा पन्नाशीही पूर्ण नव्हती. दीड महिना होतो न होतो तोच २९ ऑगस्टला अमर शेख गेले. माझे वडील त्या वर्षाबद्दल बोलायचे, ते घरातली दोन माणसं लागोपाठ गेल्यासारखे.

आता अण्णाभाऊंचा पुतळा मॉस्कोत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात तो बसवला गेला. त्याआधी २००२ साली टपाल तिकीट निघालं. विद्यापीठांत अध्यासनं आहेत, त्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात. ज्यानं आयुष्याची कितीतरी वर्षं झोपडीत काढली, त्याला आता चौकाचौकांत जागा आहे. आम्ही लहान असताना त्यांचं नाव शाळेत एकाही शिक्षकानं घेतल्याचं मला आठवत नाही. मराठीच्या तासाला निसर्गकविता होत्या, थोरांची पत्रं होती. वारणेच्या काठचा मांगवाडा नव्हता. ज्याला मी घरी रात्री वाचत होते, तो दिवसा शाळेत नव्हताच. तेव्हाचं सगळं चांगलं म्हणताना ही एवढी मोठी वजाबाकी आधी करावी लागते.

आणि दुसरी वजाबाकी याहून अवघड आहे.

आमच्या चाळीला दोन ओळी होत्या. पुढच्या ओळीत आमच्यासारखी कुणबी-मराठा घरं, एक सुतार, एक परीट. मागच्या ओळीत, गटाराच्या बाजूला, मातंग आणि बौद्ध कुटुंबं. भाडं दोन्हीकडे सारखंच. कंपनीत सगळे एकाच गणवेशात, एकाच कँटीनमध्ये जेवणारे. पण चाळीत परत आलं की ओळी वेगळ्या. गोष्टीचा आठवडा लागला की पुढच्या ओळीतल्या बायका आमच्या खोलीत येऊन बसायच्या. कुणी तांदूळ निवडत, कुणी पोर मांडीवर घेऊन. आणि मागच्या ओळीतल्या एक मावशी यायच्या, त्या पायरीवर बसायच्या. उंबऱ्याच्या बाहेर. पदर डोक्यावर, पाठ चौकटीला टेकलेली. वडील मला म्हणायचे, "जरा मोठ्यानं वाच, बाहेर ऐकू गेलं पायजे." हे ते आपुलकीनंच म्हणत, यात मला शंका नाही. मीही आवाज चढवून वाचायची, आणि आपण फार चांगलं काम करतोय असं मला वाटायचं.

ज्या घरांची ही गोष्ट होती, ज्यांच्या पूर्वजांच्या भुकेची आणि हिमतीची होती, त्या घरातली बाई उंबऱ्याबाहेर बसून ऐकत होती, आणि आम्ही आत बसून डोळे पुसत होतो. 'फकिरा' वाचून झाल्यावर तिच्यासाठी चहा वेगळ्या कपात बाहेर जायचा. तो कप चुलीमागे ठेवलेला असायचा. "आत या" हे दोन शब्द त्या खोलीत कुणाच्याही तोंडून निघाले नाहीत. ना वडिलांच्या, ना आईच्या, ना माझ्या. मला बारा वर्षं पूर्ण झाली होती. बाराव्या वर्षी माणसाला एवढं कळतं.

हल्ली १ ऑगस्टला निगडीला अण्णाभाऊंच्या पुतळ्यापाशी जावं. महापालिकेचे चार-पाच दिवस कार्यक्रम असतात. मंडप, शाहिरी, व्याख्यानं, आणि रस्त्यावरून येणाऱ्या मिरवणुका. गाण्याचा आवाज इतका की छातीत हादरा बसतो. माझ्या वयाच्या पुष्कळ बायका म्हणतात की पूर्वी डफ आणि तुणतुणं होतं, ते बरं होतं. मलाही डफ आवडतो. पण व्यासपीठावर जी मुलं-मुली उभी राहून बोलतात, ती त्या मागच्या ओळीतल्या घरांचीच नातवंडं आहेत. कुणी वकील आहे, कुणी नर्स, कुणी कंपनीत सुपरवायझर. ती कुणाच्या उंबऱ्यावर बसलेली नाहीत. मग आवाज मोठा झाला, तर तो किती वर्षांचा साठलेला आहे हेही आम्ही मोजायला हवं.

तरीसुद्धा काहीतरी गेलं, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर गेलं.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. वर्ष उलटलं, दुसरं लागलं, आणि लालबाग-परळची काही कुटुंबं इकडे पिंपरी-चिंचवडला कामाच्या शोधात आली. आमच्या चाळीतही एक घर आलं. त्या घरातले बाबा कलापथकाचे कार्यक्रम ऐकत वाढलेले. गणपतीत त्यांनी डफ हातात घेतला आणि 'माझी मैना गावावर राहिली' म्हटली. आम्हाला ती लावणी माहीत होती, पण त्यातला विरह बाईचा नसून संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारचा आहे, हे त्यांनी उलगडून सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांची बायका-पोरं तेव्हा खरंच गावावर होती. त्यांनी दोन्ही अर्थ एकदमच ऐकले. मला आठवतं, वडील उठून नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

त्याच बाबांकडे नारायण सुर्व्यांचा 'माझे विद्यापीठ' हा कवितासंग्रह होता. १९६६ सालचा. सुर्वे म्हणजे जन्मतःच रस्त्यावर सोडलेलं मूल, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं उचलून घरी नेलेलं. पुढं तो मुलगा शाळेत शिपाई झाला, मग शिक्षक, आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. 'माझे विद्यापीठ' हे नाव गॉर्कीच्या आत्मचरित्राच्या तिसऱ्या भागाच्या नावाशी नातं सांगतं, हे मला फार उशिरा कळलं. गॉर्की, अण्णाभाऊ, सुर्वे. तिघांनाही शाळेनं जवळ केलं नाही, तिघांनाही रस्त्यानं शिकवलं. आमच्या चाळीत गॉर्कीचं नाव एखाद्या चुलत्याचं घ्यावं तसं घेतलं जाई. 'सोव्हिएत देश'चे गुळगुळीत अंक आमच्या वह्या-पुस्तकांना कव्हर म्हणून यायचे. भूगोलाच्या पुस्तकावर ट्रॅक्टर चालवणारी हसरी बाई, गणितावर धरण. त्या बाईसारखं आपणही कधीतरी हसू, असं मला खरंच वाटायचं.

वाचनालयात लागल्यावर कळलं की ही सगळी एका मोठ्या घराण्यातली माणसं आहेत, आणि ते घराणं पार बल्गेरियापर्यंत पसरलेलं आहे. तिथला निकोला वाप्त्सारोव. १९०९ साली बान्स्को गावात जन्मला, वार्नाला जहाजांच्या यंत्रांचं शिक्षण घेतलं, आणि कोचेरिनोवोच्या कागद गिरणीत यंत्रावर काम केलं. आयुष्यात एकच कवितासंग्रह छापला, १९४० साली, आणि त्याच्या नावातच मोटर आहे. २३ जुलै १९४२ ला सोफियात त्याला गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सोफिया आलं नाही, आमच्या वडिलांचं खातं आलं. यंत्राशेजारी आठ तास उभा राहणारा माणूस काय विचार करत असेल, हे त्यानं आतून लिहिलं. आमच्याकडे एवढी यंत्रं, एवढे कामगार, पण लेथवरच्या माणसानं लिहिलेलं किती थोडं आमच्या हाती लागलं, याची खंत मला तेव्हापासून आहे.

त्या घराण्यात जाचही होता, हेही तिथंच कळलं. १९३४ साली सोव्हिएत लेखकांच्या संमेलनात समाजवादी वास्तववाद हे लिहिण्याचं अधिकृत धोरण ठरलं, आणि पुढं लेखकांनी काय दाखवावं हे वरून सांगितलं जाऊ लागलं. बल्गेरियाच्याच दिमितर दिमोवनं तंबाखूच्या धंद्यावर मोठी कादंबरी लिहिली, १९५१ मध्ये. पक्षाच्या समीक्षकांना त्यात कामगारांची बाजू कमी वाटली. दिमोवला ती पुन्हा लिहावी लागली, त्यात एक आदर्श कामगार नायिका घालावी लागली, आणि ती नवी आवृत्ती १९५४ मध्ये आली. हे वाचून मला वह्यांवरची ती ट्रॅक्टरवाली बाई आठवली. ती हसत होती, की तिला हसायला सांगितलं होतं, कोण जाणे. आमच्या पोवाड्यांतलं स्टालिनचं राज्य आणि प्रत्यक्षातलं राज्य यांत केवढी दरी होती, तेही पुढच्या वर्षांत सगळ्या जगाला दिसलं. आम्ही ज्या लाल पहाटेची वाट बघत होतो, तिथं माणसं अंधारात होती.

मग अण्णाभाऊ अजून का वाचावेसे वाटतात? मला वाटतं, ते साच्यात बसले नाहीत म्हणून. त्यांचा विश्वास साम्यवादावर होता, पण त्यांची माणसं वारणेची होती. त्यांच्या गोष्टीत दरोडेखोर आहेत, तमासगिरीण आहे, जोगणीसाठी जीव देणारा बाप आहे. ही काही धोरणात बसणारी पात्रं नव्हेत. त्यांच्यातले पुष्कळ हरतात. आणि हरताना मान खाली घालत नाहीत. मला ट्रॅक्टरवाल्या बाईचं हसू आता खोटं वाटतं, फकिराचा राग खोटा वाटत नाही.

आमच्या लहानपणी पगार थोडा होता, पण महिन्याच्या महिन्याला येणार ही खात्री होती. आता पगाराचा आकडा मोठा दिसतो, पण पुढच्या दिवाळीला तो असेल की नाही हे कुणी सांगत नाही. तेव्हा कंपनीच्या गेटवर सभा व्हायच्या, पाळी सुटली की माणसं सायकल धरून उभी राहून ऐकायची. युनियनमध्येही भांडणं होती, मारामाऱ्या होत्या, आणि पुढाऱ्यांच्या चढाओढीत कामगार भरडला गेला, हे आम्ही पाहिलंय. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले आणि मध्यरात्री पोलिसांनी त्यांना उचलून नेलं, त्या रात्री अख्ख्या पिंपरी-चिंचवडला झोप नव्हती. त्यानंतर गेटवरच्या सभा हळूहळू विरळ झाल्या. आता गेटवर कंत्राटदारांच्या गाड्या उभ्या असतात.

आमच्या वरच्या खोल्यांतली मुलं त्याच गाड्यांनी जातात. कुणी नांदेडचं, कुणी लातूरचं, कुणी बिहारचं. खोलीबाहेर सेफ्टी शूजच्या जोड्या रांगेत. दार बंद, आत पंखा आणि फोनचा उजेड. सात महिने भरले की ब्रेक. ब्रेक म्हणजे घरी बसायचं. मग पुन्हा दुसऱ्या कंत्राटदाराकडे नाव, कधी भोसरी, कधी चाकण, कधी तळेगाव. पाच वर्षांत एकाच खोलीत अकरा मुलं राहून गेली. आमच्या चाळीत एका खोलीतलं भांडण दुसऱ्या खोलीत ऐकू जायचं आणि त्यानं जीव नकोसा व्हायचा. आता वरच्या मजल्यावर एखादा पोरगा दोन दिवस तापानं पडून राहिला, तरी खाली कळत नाही. यातलं कुठलं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आईबद्दल सांगायचं राहिलं. मी जे मोठ्यानं वाचण्याचं सुख सांगत बसते, त्या सुखाचं कारण आईला वाचता येत नव्हतं हे आहे. तिला वाचता आलं असतं, तर तिनं दुपारी माझी शाळा सुटायच्या आत 'फकिरा' संपवली असती. तिला सही शिकायला चाळीसावं वर्ष उजाडलं. आणि मलाही ज्या वडिलांनी एवढं कौतुकानं वाचायला बसवलं, त्यांनीच दहावीनंतर शाळा सोडवली आणि लग्न ठरवलं. बी.ए. मी बाहेरून केलं, दोन मुलं झाल्यावर. म्हणून कुणी "ते दिवस परत यावेत" म्हटलं की माझ्या तोंडून हो निघत नाही. ते दिवस परत यायचे तर आईची अक्षरं आणि माझं बी.ए. परत द्यावं लागेल.

आई आता पंच्याऐंशीची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर दिसत नाही. नातीनं तिला फोनवर गोष्टी लावून दिल्या, कुणीतरी चांगल्या आवाजात वाचलेल्या. आईनं दोन दिवस ऐकल्या आणि म्हणाली, "बंद कर. ह्याला इचारलं तर ह्यो थांबत न्हाई." तिला गोष्टीत मध्येच बोलायची सवय. एखादं पात्र चुकलं की ती त्याला रागावणार, डोंगर कुठल्या अंगाला ते सांगणार, आणि मग म्हणणार, हां, आता वाच. फोन तेवढी उसंत देत नाही.

गेल्या पावसाळ्यात वरच्या खोलीतला लातूरकडचा एक मुलगा ब्रेकवर होता. गावी जायला पैसे नव्हते आणि पुढचं काम लागायला महिना होता. एका दुपारी भाड्याची मुदत मागायला खाली आला. आई दारात खुर्चीवर बसलेली. माझ्या हातात अण्णाभाऊंच्या कथांचं पुस्तक होतं, आणि माझा घसा बसलेला. आईनं त्यालाच विचारलं, "वाचाय येतंय का तुला?" तो हसला. म्हणाला, "आयटीआय केलाय आज्जी." त्यानं बूट बाहेर काढले, पुस्तक घेतलं आणि पायरीवर बसला. उंबऱ्याच्या बाहेर, पाठ चौकटीला टेकवून.

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिला काय दिसलं ते मला माहीत आहे, कारण मलाही तेच दिसलं. ती मावशी जाऊन वीस वर्षं झाली.

"तिथं नगं," आई म्हणाली. "आत ये. हितं बस, माझ्याजवळ."

तो आत येऊन बसला आणि त्यानं 'स्मशानातील सोनं' वाचायला घेतली. मुंबईला आलेला धट्टाकट्टा भीमा, खाणीत काम करणारा. खाण बंद पडते. हाताला काम नाही, घरी लेकरू आहे, आणि तो रात्री मसणवटीत प्रेतांच्या राखेतून सोनं शोधायला लागतो. शेवटी एका प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात, आणि ती गमवावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू होतेय. मुलाचा आवाज सुरुवातीला शाळेत धडा वाचल्यासारखा होता. खाण बंद पडली तिथं तो खाली आला, आणि शेवटाला फार हळू झाला. आई म्हणाली, "मोठ्यानं वाच, मला ऐकू येईना." त्यानं शेवटचं पान पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटून तसाच बसला.

"काकू," तो मला म्हणाला, "हा ब्रेकच की."

मी इतकी वर्षं ती कथा वाचतेय, वाचनालयात कितीजणांच्या हातात ठेवलीय. मला ती नेहमी जुन्या काळाची वाटली होती, खाणीची, मसणवट्याची. मला हे सुचलं नव्हतं.

तो महिनाभर रोज दुपारी यायचा. चार कथा झाल्या, 'फकिरा' निम्म्यावर आली. आई मध्ये मध्ये बोलायची, तो थांबायचा. तिच्याकडून वारणेकडचे शब्द विचारून घ्यायचा आणि आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायचा. नातही एक-दोनदा कानातलं काढून येऊन बसली. मग एका संध्याकाळी त्याला चाकणच्या एका कंत्राटदाराचा फोन आला, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हजर व्हायचं होतं. रात्रीतच त्यानं बॅग भरली. निघताना पुस्तक हातात धरून उभा राहिला. वाचनालयातल्या सवयीनं माझ्या तोंडात परतीची तारीख आली होती. ती मी गिळली आणि ने म्हटलं.

आईला रोज चारच्या सुमाराला आठवण होते. खुर्ची दाराकडे वळवून ती विचारते, "त्याची कुठली पाळी हाय गं ह्या आठवड्यात?"